बारीक हाफटोनसाठी मेश घेताना आधी डॉट मोजा

स्क्रीन प्रिंटिंगमधे हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांनी, म्हणजे डॉटनी, छटा दाखवणं) म्हटलं की "३०५ मेश घे" (मेश म्हणजे फ्रेमवर ताणलेली जाळी) हा सल्ला सगळीकडे मिळतो, चूक नाहीये पण अर्धाच आहे, कारण ३०५ वरून फक्त इंचात धागे किती एवढंच कळतं (सेंटीमीटरमधे तेच १२०), धागा किती जाड ते कळत नाही आणि बारीक डॉटचं सगळं गाडं तिथेच अडतं.

असं बघा, १२० धागे म्हणजे दर ८३ मायक्रॉनला एक धागा. धागा ३४ मायक्रॉनचा असेल तर मधलं भोक साधारण ४९ चं, ४० चा असेल तर ४३ चं. नंबर तोच, पण मोकळी जागा ३५ टक्क्यांवरून २७ वर आली. त्यामुळे मी हाफटोनला पातळ धागाच घेतो, फाटतो लवकर, जरा जपून वापरावा लागतो.

आता डॉट. शॅडोमधे (गडद भागात) इमल्शनचा (जाळीवर लावायचा, लाइटने घट्ट होणारा थर) बारीक ठिपका जाळीवर टिकला पाहिजे, त्याला धरायला दोन धागे तरी हवेत नाहीतर स्क्रीन धुतानाच निघून जातो. हायलाइटमधे (फिकट भागात) उलटं, इमल्शनमधलं बारीक भोक नेमकं धाग्यावर आलं की इंकला वाटच नाही. म्हणून हिशोब साधा ठेवा: दोन धाग्यांची जाडी अधिक एक भोक, यापेक्षा सगळ्यात छोटा डॉट मोठा पाहिजे. ३४ च्या धाग्याला हे ११७ मायक्रॉन होतं, आणि ५५ एलपीआयला (इंचात डॉटच्या ५५ ओळी) ५ टक्के जागा व्यापणारा गोल डॉट पण साधारण तेवढाच येतो, म्हणजे जेमतेम बसला. हौसेने ६५ एलपीआय केलं की तोच डॉट ९९ चा होतो आणि गळायला लागतो. मग एकतर एलपीआय उतरवा, नाहीतर हाच हिशोब लावून आणखी बारीक मेश घ्या.

घाईत असाल तर एलपीआय गुणिले ५ करा, ५५ ला २७५ येतं, म्हणून वरचा ३०५ घ्यायचा. कपड्यावर ४५ ते ५५ एलपीआय पुष्कळ झालं. पांढरी प्लास्टिसोल (तापवून पक्की करायची प्लास्टिकची इंक) मात्र घट्ट असते, ३०५ मधून नीट उतरत नाही, तिला २३० बरा. वॉटरबेस (पाण्याची) इंक बारीक मेशमधे पटकन सुकते, प्रिंट करताना थांबू नका.

मेश पिवळाच घ्या. एक्स्पोज करताना (डिझाइनच्या फिल्ममधून इमल्शनवर लाइट पाडताना) पांढऱ्या धाग्यातून लाइट आत पसरतो आणि बारीक डॉट भरून जातात. पिवळ्याला एक्स्पोजर जास्त लागतं, जुना टाइम तसाच ठेवला तर इमल्शन कच्चं राहील, तेव्हा स्टेप टेस्ट (वेगवेगळे टाइम देऊन बघायची चाचणी) नव्याने करा.

राहिला मॉयरे (जाळी आणि डॉटच्या ओळी एकमेकांवर येऊन दिसणारे पट्टे). डॉटच्या ओळींचा २२.५ अंशाचा अँगल बऱ्याचदा चालतो पण त्याच्या भरवशावर राहू नका, इमल्शनच्या कोटिंगच्या आधी ताणलेली फ्रेम लाइट टेबलवर ठेवा, त्यावर फिल्म ठेवून हळूहळू फिरवा, पट्टे दिसायचे बंद झाले की तिथेच फ्रेमवर खूण करा आणि एक्स्पोज करताना फिल्म त्याच खुणेला लावा.