घरात विजेची शेगडी बसवायची आहे? खर्च कसा काढायचा, सोलापूरच्या हिशेबाने

नवी पेठेतल्या दुकानात इंडक्शन शेगडीचा भाव विचारला की दुकानदार दीड-दोन हजारांपासून सुरुवात करतो, आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात दोन-अडीच सिलिंडरचा हिशेब मांडून खूश होतं. खरा आकडा कळतो तो घरी, वायरमन स्वयंपाकघरातला बोर्ड उघडून आत टॉर्च मारतो तेव्हा. शेगडी हा या सगळ्यातला स्वस्त भाग आहे. म्हणून खरेदीपासून सुरुवात करू नका. मीटर, वायर, भांडी आणि मग शेगडी, या क्रमाने चला.

पहिलं काम: विजेचं बिल काढून बसा

महावितरणच्या बिलावर दोन गोष्टी शोधा. एक, 'मंजूर भार', म्हणजे तुमच्या घराला किती किलोवॅटचं कनेक्शन आहे ते. दोन, मागच्या बारा महिन्यांचा वापर. तो बिलावर छापलेलाच असतो. उन्हाळ्यातला आणि थंडीतला आकडा वेगवेगळा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मंजूर भार एक किलोवॅट असेल आणि तुम्ही दोन हजार वॉटची शेगडी आणणार असाल, तर भार वाढवून घ्या. अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरून करता येतो. भार वाढला की सुरक्षा ठेवीत आणि शुल्कात फरक पडतो, तो खर्चाच्या यादीत धरा. "काही होत नाही, सगळेच चालवतात" असं सांगणारे भेटतील. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलं की घराघरांत मोटर सुरू होते. त्याच वेळी गीझर चालू, ओट्यावर इंडक्शन फुल्लवर, आणि मे महिना असेल तर कूलरही. मेन स्विच नेमका अशाच सकाळी पडतो.

पूर्व भागातल्या काही घरांत खाली माग आणि वर बिऱ्हाड असतं. तिथे एक मोह होतो: मागाच्या मीटरवरून स्वयंपाकघराला लाइन ओढायचा. यंत्रमागाचा दर वेगळा असतो आणि ज्या कामासाठी कनेक्शन घेतलं त्याशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी दुपटीने होते. शेगडी घरगुती मीटरवरच घ्या.

दुसरं काम: वायरमन, आणि त्याला विचारायचे प्रश्न

गणित सोपं आहे. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर येतात. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. मोबाइल, मिक्सर लावायचा छोटा प्लग सहा अँपिअरचा असतो. शेगडीची जाड पिन त्यात बसत नाही, म्हणून लोक पन्नास-साठ रुपयांचा कन्व्हर्जन प्लग आणतात आणि तिथेच घोळ होतो. आठवडाभर काही कळत नाही. मग एके दिवशी भाताला वाफ येण्याआधी जळक्या प्लास्टिकचा वास येतो. प्लग काढून पाहिला तर पितळी पिन काळवंडलेली आणि सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडं. असं कडं दिसलं की तो पॉइंट त्या दिवसापासून बंद.

शेगडीला हवा सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट, तोही डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या स्विचच्या पेटीपासून, थेट आलेल्या स्वतंत्र लाइनवर. एका शेगडीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि तिच्यासाठी वेगळी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. फ्रिजच्या किंवा आरओच्या बोर्डातून 'जोडून' घेतलेला पॉवर पॉइंट नुसता दिसायला पॉवर पॉइंट असतो. मागची तार तीच जुनी बारीक.

वायरमनला विचारायचं ते असं. माझ्या डीबीत एक एमसीबी बसायला जागा आहे का? मेनपासून डीबीपर्यंतची तार एवढा भार घेईल का? अर्थिंग चालू आहे का, आणि ते आत्ता माझ्यासमोर तपासून दाखवतोस का? घरात इन्व्हर्टर असेल तर चौथा प्रश्न विसरू नका: हा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का? बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचा बोर्ड इन्व्हर्टरवर घेतलेला असतो. घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो, दोन हजार वॉटची शेगडी त्याच्या आवाक्याबाहेरची. वीज गेली आणि शेगडी चालू राहिली, तर इन्व्हर्टर बोंब मारून बंद पडणार. शेगडीची लाइन मेनवरूनच हवी.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसे वाचवायला लोक इथेच हात आखडतात. जुन्या पेठांमधल्या दगडी किंवा माळवदाच्या घरांत तिसऱ्या पिनच्या मागे कधीकधी तारच नसते. असली तरी ती अंगणातल्या ज्या खड्ड्यात गेलेली असते, तो खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा. कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही. जुनं अर्थिंग असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची सवय ठेवा. नसेलच तर नवं करून घ्या, तीन ते सहा हजारांच्या घरात जातं. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच, नसेल तर तीही बसवा: दोन-अडीच हजार रुपये, पण ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या माणसाचा जीव तिच्यावर असतो. शेगडीवर दोन हजार वाचवून आरसीसीबीवर घातले तर मी त्याला शहाणपण म्हणेन.

आता खर्चाचा अंदाज. डीबीपासून ओटा बारा मीटरवर आहे असं धरा. फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळून छत्तीस मीटर तार, साधारण दीड हजाराच्या आसपास. दुकानदार नव्वद मीटरचं अख्खं बंडल पुढे करेल. सुटी तार मीटरवर मिळते का ते विचारा. सोळा अँपिअरचा स्विच-सॉकेट डब्यासकट चार-पाचशे, एमसीबी दोन-तीनशे, पट्टी किंवा पाइप दोन-तीनशे, मजुरी हजाराच्या आगेमागे. एकूण साडेतीन ते साडेचार हजार. ही भिंतीवरून केसिंग पट्टी मारून केलेली लाइन झाली. कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतून, हवं असेल तर झिरी मारणं, प्लास्टर आणि रंग हे तिन्ही आले, आणि दगडी भिंतीत झिरी मारायला कोणी खुशीने तयार होत नाही. माझं मत विचाराल तर पट्टीच बरी. दिसते थोडी, पण उद्या बिघाड झाला तर भिंत फोडावी लागत नाही.

तारेवर, प्लगवर आणि एमसीबीवर आयएसआय मार्क बघून घ्या. काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि मजुरी आधी बोला, सामानासह की सामानाशिवाय तेही.

तिसरं काम: भांडी चुंबक लावून तपासा

हा खर्च कोणी धरत नाही. इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही. तिच्यातल्या तारेच्या वेटोळ्यामुळे भांड्याचं बूड तापतं, आणि त्यासाठी बूड लोखंडी किंवा चुंबक धरणाऱ्या स्टीलचं लागतं. फ्रिजवरचा चुंबक काढा आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटला तर चालेल. हिंडालियमचा कुकर, तांब्याचं पातेलं, मातीचा तवा ही सगळी बाद. गोल बुडाची कढई लोखंडी असली तरी तिचं बूड टेकत नाही, म्हणून तीही बाद.

एक इंडक्शन बेसचा कुकर, एक सपाट तवा, एक कढई आणि दुधाचं पातेलं एवढं घ्यायचं म्हटलं तर साडेतीन-चार हजार सहज जातात. म्हणजे शेगडीपेक्षा भांडी महाग.

आणि भाकरी. सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सपाट लोखंडी तव्यावर ज्वारीची भाकरी होते, पण तवा मधोमध जास्त तापतो आणि कडा मागे राहतात, त्यामुळे भाकरी फिरवत राहावी लागते. मुख्य म्हणजे पाणी लावलेली बाजू सुकल्यावर भाकरी जाळावर धरून फुगवायची, ती सोय नाही. फडक्याने दाबून तव्यावरच फुगवावी लागते. कडक भाकरी करायची असेल तर इंडक्शनच्या नादी लागू नका. त्यासाठी गॅस किंवा चूल ठेवाच. वीज गेल्यावरही तोच आधार आहे, तेव्हा गॅस कनेक्शन परत करायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

चौथं काम: शेगडी निवडा

तीन प्रकार दुकानात दिसतील. एक बर्नरची इंडक्शन, दीड ते साडेतीन हजार. भाडेकरू आणि छोट्या कुटुंबाला हीच पुरते. इन्फ्रारेड शेगडी, थोडी महाग; तिच्यावर कुठलंही सपाट भांडं चालतं आणि जाळी ठेवून वांगंही भाजता येतं, पण काच स्वतः लालबुंद तापते, बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते आणि वीजही जास्त खाते. तिसरी ओट्यात बसवायची दोन बर्नरची. तिची किंमत पंधरा हजारांपासून पुढे, शिवाय ग्रॅनाइट कापायची मजुरी. ती साडेतीन हजार वॉटपर्यंत जाते, म्हणजे पंधरा अँपिअरच्या वर. तिला चार चौरस मिलिमीटरची तार आणि वीस किंवा पंचवीस अँपिअरची एमसीबी लागते. कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते वायरमनला दाखवा. खाली हवा खेळायला जागाही सोडावी लागते, नाहीतर खालच्या खणातले चमचे-डाव गरम. असं सगळं धरून ओट्यातल्या शेगडीचा खर्च पंचवीस हजारांच्या पुढे जातो.

घरात कोणाला पेसमेकर असेल तर इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाचवं काम: महिन्याचा खर्च काढा

दोन हजार वॉटची शेगडी फुल्लवर अर्धा तास चालली की एक युनिट. चौघांच्या घरात चहा, वरण-भात, भाजी एवढं तिच्यावर केलं तर दिवसाला दोन-अडीच युनिट, म्हणजे महिन्याला साठ ते पंचाहत्तर.

गॅसशी तुलना अशी करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढीच इंडक्शनवर मिळवायला साधारण १३५ युनिट लागतात. कारण गॅसची बरीच आच भांड्याच्या कडेने निघून जाते, इंडक्शनची फार कमी. आता तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १३५ ने भागा. सिलिंडर ९०० रुपयांना पडत असेल तर उत्तर ६ रुपये ६७ पैसे. वीज युनिटला याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडली, महाग पडत असेल तर गॅस.

मग वीज युनिटला कितीला पडते? इथे सुरुवातीला लिहून ठेवलेले आकडे काढा. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, आणि पुढे आणखी. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या साधारण दुप्पट आहे. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून ताज्या बिलाच्या मागचा तक्ताच धरा. एक गैरसमज मात्र काढून टाका: १०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटना महाग दर लागतो असं नाही. वरच्या युनिटनाच लागतो.

समजा थंडीत तुमचा वापर ८० युनिट आहे आणि शेगडीचे ७० वाढले. त्यातले २० स्वस्त टप्प्यात, ५० महाग टप्प्यात. उन्हाळ्यात कूलरमुळे तुम्ही आधीच २०० वर असाल, तर सत्तरच्या सत्तर महाग टप्प्यात जातात. म्हणजे सोलापुरात हीच शेगडी डिसेंबरात त्यातल्या त्यात कमी महाग पडते आणि मेमध्ये जास्त. चहा, दूध तापवणं, कुकर एवढंच तिच्यावर करून बाकी गॅसवर ठेवणारी घरं मला जास्त हिशेबी वाटतात.

छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र बदलतं. ऊन हे आपल्याकडे फुकटचं भांडवल. एक किलोवॅटचं पॅनेल महिन्याला शंभरच्या आसपास युनिट देतं, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पण फक्त शेगडीसाठी पॅनेल बसवू नका. घराचा एकूण वापर बघून ठरवा.

बसवण्याच्या दिवशी

शेगडी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, मागचा आणि खालचा पंखा मोकळा राहू द्या. मोरीच्या शेजारी नको. गॅस शेगडीला खेटूनही नको. खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक अंथरू नका; कागद पंख्याला चिकटून हवा अडवतो. ओट्यावर झुरळं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, ती पंख्याच्या जाळीतून आत शिरतात आणि आतलं सर्किट खराब करतात.

वायरमन जायच्या आत, त्याच्यासमोर पातेलंभर पाणी ठेवून शेगडी पंधरा मिनिटं फुल्लवर चालवा. मग स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनेला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर सॉकेट सैल आहे किंवा तार नीट आवळलेली नाही. तिथल्या तिथे पुन्हा आवळून घ्या. आरसीसीबी असेल तर तिच्यावरचं 'टेस्ट' बटण दाबून ती पडते का बघा.

स्वयंपाक झाल्यावर शेगडीचं बटण बंद केलं तरी पंखा थोडा वेळ फिरत राहतो. तो थांबल्यावरच भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः ज्यांना जाता-येता स्विच बंद करायची सवय आहे अशा आजोबांना. आणि दुकानातून पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या. काच फुटली तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ती बसत नाही, ते पैसे देण्याआधीच विचारून घ्या.