पांढरकवड्याहून न्यूयॉर्क: निघाच्या आधी पाहून घ्या

मायबापाले पोराकडे न्यूयॉर्कले पाठवाचं असन तं पासपोर्ट, विजा, औषधं हे सगळेच सांगतात, मी तारखेचं सांगतो. टिकटावर १५ तारीख अन ०१:३० लिहिलं असन तं विमान १४ च्या रात्री पकडाचं. १४ च्या! बारा वाजले की तारीख बदलते, आपल्या डोक्यात ती झोपून उठल्यावर बदलते. मागच्या वेळी मामा-मामीले घेऊन १५ ले सकाळी गाडी काढली, वाटेतल्या जाम गावाले चहा पेतानी पोराचा फोन, विमान तं कवाचंच उडालं. म्हणून कॅलेंडरवर गोल १४ ले करजा.

आता उलटा हिशोब लावा. दीडचं विमान म्हणजे मुंबईले टर्मिनल २ वर रात्री साडेदहाच्या आत, नागपूर-मुंबई दीड तास, ते विमान लेट होतेच असं धरून दुपारचंच घ्या, पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर म्हणजे तीन तास, तं सकाळीच निघा लागते. अन कोणत्या तारखेच्या सकाळी? १४ च्या. विमानतळ वर्धा रोडवर शहराच्या अलीकडेच लागते, गर्दीची चिंता नको. दोन टिकटं वेगवेगळी काढली असन तं मुंबईले बॅगा उचलून पुन्हा जमा करा लागतात, टर्मिनल १ वर उतरवलं तं रस्त्यानं टर्मिनल २ गाठा लागते, अन देशातल्या विमानात साधारण १५ किलोच चालते, मंग ते कुरडया-पापडाचं पोतं कुठं ठेवसान? एकाच टिकटावर काढा बाप्पा.

मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमान असलं तं जातानी सोळा तासाच्या आसपास. टिकटावर पाहाल तं दीडले निघून त्याच तारखेले सकाळी सातले पोचते, अन आमचे काका म्हणे साडेपाच तासात अमेरिका! दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ, मार्च अन नोव्हेंबरात ते लोक घड्याळ सरकवतात. येतानी तासा-दीड तासानं लवकर, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहते अन तो मागून ढकलते. नकाशावर विमान उत्तरेकडून वाकडं जातानी दिसन तं घाबरू नका, पृथ्वी गोल आहे, तिच्यावर दोरी ताणून पाहा, तोच जवळचा रस्ता. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतातल्या कंपन्यांच्या विमानाले त्याचं आकाश बंद केलं, त्याचा वळसा वेगळा, म्हणून जुन्या टायमावर भरोसा ठेवू नका.

सोळा तास एका जागी बसून पाय सुजतात. उठत राहा, पाणी पेत राहा. म्हाताऱ्यासाठी व्हीलचेअर टिकट काढतानीच सांगून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, हातात शंभर मिलीच्या वर काही नेऊ देत नाहीत.

पोराचा पत्ता कागदावर लिहून द्या, फोनची बॅटरी संपतेच.

येतानी तारीख पाहा, पुन्हा तारीख! तिकडून दुपारी बाराले निघालं तं इथं दुसऱ्या दिवशी दुपारी एकले उतरते, गाडीवाल्याले दुसऱ्या दिवसाचंच सांगजा. बाकी पोराले विचारा.