डेबियनमध्ये पॅकेज सांभाळताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

डेबियन या लिनक्स वितरणाची सुरुवात १९९३ साली इयन मर्डॉक यांनी केली. ते आजही कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही आणि त्यातली हजारो पॅकेजेस, म्हणजे बसवण्यासाठी तयार केलेले सॉफ्टवेअरचे संच, जगभरातले स्वयंसेवक सांभाळतात. त्यांतली काही पॅकेजेस गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहेत. या कामात येऊ इच्छिणारे बहुतेक जण पहिल्या भेटीतच विचारतात, की नवे पॅकेज कसे बनवायचे. माझे प्रामाणिक मत असे आहे की सुरुवात तिथून करू नये. पॅकेज बनवायला थोडे दिवस पुरतात, पण ते एकदा संग्रहात गेले की त्याचे बग, त्याच्या नव्या आवृत्त्या आणि त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेस यांची जबाबदारी वर्षानुवर्षे अंगावर राहते, आणि खरे शिक्षण त्या जबाबदारीतच होते.

म्हणून आपण स्वतः रोज वापरतो असे एखादे पॅकेज निवडावे आणि त्याच्या बगांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. जुना बग आजच्या आवृत्तीत अजूनही दिसतो का हे तपासून, तो कोणत्या पायऱ्यांनी हमखास घडतो हे नीट लिहून कळवले, तरी मेंटेनरचे, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचे, अर्धे काम हलके होते. मेंटेनरने सोडून दिलेल्या आणि मदत हवी असलेल्या पॅकेजेसची यादी डेबियन स्वतःच ठेवते. त्यातले एखादे दत्तक घेणे हा पुढचा टप्पा.

पॅकेजचा सांगाडा समजायला फारसा वेळ लागत नाही. मूळ लेखकांचा, म्हणजे अपस्ट्रीमचा, सोर्स कोड आणि त्याच्या शेजारी ‘डेबियन’ नावाची डिरेक्टरी. त्या डिरेक्टरीतल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये पॅकेजचे वर्णन आणि डिपेंडन्सी, म्हणजे त्याला लागणारी इतर पॅकेजेस, असतात, ‘रूल्स’मध्ये बिल्ड कसे करायचे, म्हणजे सोर्स कोडपासून पॅकेज कसे तयार करायचे, ते असते आणि ‘चेंजलॉग’मध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते. नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ मात्र परवान्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कॉपीराइट’ या फाइलवर जातो, आणि तो जायलाच हवा. १९९७ साली स्वीकारलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांत बसणारेच सॉफ्टवेअर डेबियनच्या मुख्य विभागात येऊ शकते. त्यामुळे प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर परवाना लिहिलेला आहे एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते. दस्तऐवजांच्या डिरेक्टरीत कुठेतरी कोपऱ्यात जावास्क्रिप्टची एकाच लांबलचक ओळीत आवळलेली फाइल सापडते, तिचा वाचता येण्याजोगा सोर्स कुठेच नसतो, आणि मग ती काढून तिच्या जागी संग्रहात आधीच असलेले पॅकेज जोडावे लागते. संपूर्ण नवे पॅकेज ‘न्यू’ या रांगेत थांबते आणि तिथे संग्रहाची जबाबदारी असलेले सदस्य हीच तपासणी पुन्हा करतात. ‘कॉपीराइट’ फाइल काळजीपूर्वक लिहिलेली नसेल तर पॅकेज परत येते.

त्यानंतर बिल्ड. आपल्या संगणकावर सगळे नीट बिल्ड झाले याचा अर्थ एवढाच की आपल्या संगणकावर आवश्यक ते सारे आधीपासून होते. ‘एसबिल्ड’सारखे साधन दर वेळी कोरे वातावरण तयार करून त्यात फक्त जाहीर केलेल्या डिपेंडन्सी घालते आणि विसरलेली डिपेंडन्सी लगेच उघडी पडते. बिल्ड चालू असताना इंटरनेटवरून काहीही उतरवून घेण्यास मनाई आहे, त्यामुळे नेटवर्क मागणाऱ्या चाचण्याही इथेच सापडतात. पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या ‘लिंटियन’ने दाखवलेल्या सूचना दडपण्यापूर्वी त्यांचे स्पष्टीकरण वाचण्याची सवय मी प्रत्येकाला आवर्जून लावतो. पुढे हाच कोड अनेक प्रकारच्या प्रोसेसरांवर बिल्ड होतो. माझ्याकडच्या एका पॅकेजच्या चाचण्या सगळीकडे उत्तीर्ण होत होत्या, फक्त ‘एस३९०एक्स’वर फाइल परत वाचताना आकडे भलतेच येत होते. त्या प्रोसेसरवर संख्येतले बाइट उलट क्रमाने ठेवले जातात आणि कोड मात्र स्मृतीतले बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवत होता. बिल्डचा लॉग शेवटून वर असा वाचत गेल्यावर कारण हाती लागले. दुरुस्ती केवळ काही ओळींची होती आणि अपस्ट्रीमने ती आनंदाने स्वीकारली.

पॅचविषयी, म्हणजे अपस्ट्रीमच्या कोडमध्ये आपण केलेल्या बदलांविषयी, मात्र फार गांभीर्याने सांगावेसे वाटते. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमध्ये, स्मृती तपासणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांमुळे, दोन ओळी वगळण्यात आल्या. त्याविषयी अपस्ट्रीमकडे विचारणाही झाली होती, पण प्रत्यक्ष पॅचची बारकाईने तपासणी झाली नाही. त्या बदलामुळे कूटलेखनाच्या किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या प्रोसेस क्रमांकापुरती उरली, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये हे उघडकीस आल्यावर जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासून पॅच कशासाठी आहे, तो अपस्ट्रीमला कधी पाठवला आणि तिकडून काय उत्तर आले, हे त्या पॅचच्या डोक्यावरच लिहिण्याला मी पर्याय मानत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल संकुचित करणाऱ्या साधनात घातक कोड सापडला, त्या प्रकरणाने दुसरी बाजू दाखवली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतला घातक भाग कार्यान्वित करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिट भांडारात, म्हणजे कोडमधल्या बदलांची उघड नोंद जिथे असते तिथे, नव्हती, प्रसिद्ध केलेल्या संकुचित फाइलमध्येच होती. अपस्ट्रीमची नवी आवृत्ती घेताना मागच्या आवृत्तीशी तुलना करून फरक वाचावा, तो कितीही कंटाळवाणा असला तरी, आणि शक्य तिथे गिटमधल्या कोडशीही पडताळून पाहावे.

ती एक्सझेड आवृत्ती डेबियनच्या स्थिर, म्हणजे ‘स्टेबल’, आवृत्तीपर्यंत पोहोचली नव्हती. अपलोड केलेले पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये जाते, काही दिवस गंभीर बग निघाला नाही आणि चाचण्या पार पडल्या तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी ‘टेस्टिंग’ गोठवून ‘स्टेबल’ प्रसिद्ध होते. ‘स्टेबल’मध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली तर सहसा नवी आवृत्ती न देता तेवढीच दुरुस्ती जुन्या कोडवर बसवावी लागते. माझ्या दृष्टीने मेंटेनरच्या कामातले हे सर्वांत कठीण आणि सर्वांत समाधान देणारे काम आहे, कारण त्यासाठी त्रुटी मुळापासून समजावी लागते.

सुरुवातीला स्वतः अपलोड करण्याचा अधिकार नसतो. एखादा डेबियन डेव्हलपर स्पॉन्सर म्हणून आपले काम तपासतो आणि अपलोड करतो. त्याला पाठवताना काय बदलले, कशावर तपासले आणि कोणता बग बंद होतो हे तीन-चार ओळींत स्पष्ट लिहिले तर उत्तर लवकर येते. त्यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे एखाद्या गटात सामील होणे. पर्ल, पायथन, वैद्यकीय सॉफ्टवेअर अशा विषयांचे गट आहेत आणि तिथे तपासणारे डोळे पुष्कळ असतात. काही काळ सातत्याने काम दिसले की डेबियन मेंटेनर होण्यासाठी अर्ज करता येतो आणि नेमून दिलेली पॅकेजेस स्वतः अपलोड करता येतात. नोकरी, शिक्षण किंवा घर यामुळे वेळ उरेनासा झाला तर पॅकेज मुकाट्याने पडू देऊ नये. ते सोडत असल्याचे रीतसर जाहीर करावे आणि अर्धवट राहिलेल्या कामाची टिपणे बगच्या नोंदीतच लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या माणसाला ती शोधत बसावे लागत नाही.