ब्लाऊज बसत नाही? शिवायला टाकण्याआधी या चुका टाळा

लग्न चार दिवसांवर आलेलं असतं, ब्लाऊज नुकताच शिवून आलेला असतो, आणि आरशासमोर हात वर केला की खालची पट्टी तीन बोटं वर सरकते. अशा वेळी आपण पहिला दोष स्वतःच्या अंगाला देतो. 'माझे दंडच जाड आहेत', 'वजनच वाढलंय'. मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होते. स्वतःचे ब्लाऊज स्वतः शिवायला लागल्यापासून ते बोलणं बंद झालं. बिघाड मापात असतो नाहीतर कापण्यात, आणि तो शोधून काढता येतो.

सुरुवात होते ती 'मापाच्या ब्लाऊज'पासून. टेलरला आपण जो ब्लाऊज मापाला देतो तो बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांचा जुना, धुऊन धुऊन सैलावलेला, एकदोनदा उसवलेला असतो. वर त्याचं कापडही वेगळं. सुती कापड अंगावर थोडं सैल पडतं, ब्रोकेड किंवा पैठणीचा जरीकाठ अजिबात पडत नाही. सुती ब्लाऊजच्या मापाने ब्रोकेड शिवला की तो आवळणारच. त्यापेक्षा अंगावरचं माप द्या. त्या साडीत जी ब्रा घालणार आहात तीच तेव्हा घाला, जाड कुर्त्यावरून माप देऊ नका, आणि श्वास रोखून, पोट आत घेऊन उभ्या राहू नका. पुढच्या महिन्यात बारीक होईन म्हणून एक इंच कमी सांगणं तर नकोच. ब्लाऊज आजच्या अंगासाठी शिवायचा असतो.

सगळ्यात मोठा गैरसमज मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईबद्दल आहे. हात उचलताना ओढतंय, म्हणजे मुंढा मोठा करा, असं आपण सांगतो आणि दुखणं वाढवून घेतो. मुंढा खोल कापला की बाही खूप खाली, साईडच्या शिलाईपाशी जोडली जाते. मग हात वर गेला की ती बाही अख्खा ब्लाऊज सोबत वर खेचते. मुंढा काखेच्या जवळ, जेमतेम बोटभर खाली असेल तर हात मोकळा फिरतो आणि ब्लाऊज जागेवर राहतो. दंडाला आवळत असेल तर बाहीची रुंदी वाढवायला सांगा, मुंढ्याची खोली तशीच राहू द्या.

हे मला उलगडलं ते आजीच्या खणाच्या चोळीमुळे. पुढे गाठ मारायची ती चोळी मी एकदा मांडीवर पसरून नीट पाहिली. दोन्ही काखांत छोटा चौकोनी तुकडा जोडलेला होता. विहिरीवरून पाणी शेंदताना हात वर-खाली व्हायचा, पण चोळी हलायची नाही ती त्या तुकड्यामुळे. घट्ट-सैल करायला गाठ होतीच. हुकांच्या ब्लाऊजला ती सोय नाही, म्हणून आपल्याला माप नेमकं लागतं. मुंढा आधीच खोल कापला गेला असेल तर हाच उपाय करा, काखेत तसा तुकडा जोडून घ्या. त्यासाठी उरलेलं कापड टेलरकडून आठवणीने मागून घ्यायला हवं.

ट्रायलला सुरकुत्या बघा, त्या बरंच सांगतात. हुकांपाशी आडव्या सुरकुत्या पडून पट्टी उघडी पडत असेल तर छातीत कमी आहे, साईडने सोडा. काखेतून छातीकडे तिरपी सुरकुती येत असेल तर टक्स, म्हणजे छातीला उठाव देणाऱ्या शिवलेल्या घड्या, लहान पडलेत. टक्सचं टोक वर किंवा खाली जात असेल तर खांद्यापासून त्या टोकापर्यंतचं, म्हणजे टक्स पॉइंटचं, माप घेतलेलंच नाही. खांदा घसरतो तो पुढचा आणि मागचा दोन्ही गळे खोल व रुंद घेतल्याने. एकच खोल ठेवा, आणि मागचा खोल हवा असेल तर वर दोरी लावून घ्या. ट्रायलला नुसतं उभं राहू नका, बसा, वाका, केसांत गजरा माळल्यासारखे हात मागे न्या.

सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि ब्लाऊजभर चुण्या पडतात. हे काम घरी करूनच अस्तर टेलरला द्यावं.

आणि साईडला आत दीड इंच कापड सोडायला सांगायचं, न विसरता. आईच्या शालूचा ब्लाऊज मी गेल्या वर्षी दुरुस्तीला घेतला. आत एकीशेजारी एक अशा तीन शिलायांच्या खुणा होत्या. रेशमात सुईची भोकं बुजत नाहीत, म्हणून उसवलेल्या दोन्ही जुन्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. पहिली लग्नातली. दुसरी माझ्या बारशाच्या वेळची. तिसरी धाकट्याच्या मुंजीतली. आईने दर वेळी शिलाई उसवली, पुढे सरकवली आणि तोच ब्लाऊज आनंदाने घातला. मी तिसरी उसवून चौथी घातली, माझ्या मापाची. अजून पाव इंच कापड शिल्लक आहे.