वारशाने आलेली जुनी शिकारी रायफल : गंज थांबवा, मूळ रूप राखा

जुन्या रायफली गंजाने खराब होतात, पण कायमच्या बिघडतात त्या बहुधा उत्साहाच्या भरात केलेल्या साफसफाईने. पॉलिश पेपर फिरवून चकचकीत केलेली नळी, घासून पुसट झालेली कोरीव अक्षरं, धातूच्या कडेपेक्षा खाली गेलेलं दस्त्याचं लाकूड, यातलं काहीच पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून काम एवढंच समजा : वाढत असलेला गंज थांबवायचा, सुकलेलं जुनं तेल आणि मळ काढायचा, आणि जे टिकून आहे त्याला हात लावायचा नाही.

बऱ्याच देशांत परवाना वारसाच्या नावावर झाल्याशिवाय रायफल घरात ठेवणंही गुन्हा ठरतो. ते आधी उरकून घ्या.

मग रायफल रिकामी आहे याची खात्री करा. मॅगझीन काढा, बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता दांडा) पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, उजेड पाडून पाहा आणि करंगळी घालून चाचपा. विंचेस्टर १८९४ सारख्या लिव्हर रायफलींत काडतुसं नळीखालच्या ट्यूबमध्ये असतात. आतली स्प्रिंग गंजली असेल तर शेवटचं काडतूस ट्यूबमध्येच अडकून राहतं, त्यामुळे लिव्हर चार-पाच वेळा चालवून काही बाहेर पडलं नाही म्हणून ट्यूब रिकामी समजू नका. तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुकीत तर जुना बार, म्हणजे दारू आणि गोळी, अजूनही ठासलेला असू शकतो. नळीत गज सोडा, तोंडाशी खूण करा आणि तेवढाच गज नळीच्या बाहेरून लावून पाहा. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचं आतलं टोक नळीच्या मागच्या टोकापेक्षा बरंच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. अडकलेलं काडतूस किंवा जुना बार ठोकून काढायचा नाही, तो बंदूक दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडेच न्यायचा.

खोलणं

काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, सगळे नंबर आणि शिक्के लिहून ठेवा. जुन्या चांगल्या रायफलींत प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेसाठीच बसवलेला असतो, पूर्ण आवळला की खाच नळीच्या रेषेत येते. म्हणून पुठ्ठ्यावर रायफलीचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा.

साधा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे निमुळता होतो, त्यामुळे तो खाचेच्या वरच्या कडेवरच जोर देतो आणि कड उलते. बंदुकीच्या कामाचे स्क्रू ड्रायव्हर टोकाशी समांतर घासलेले असतात. टोक खाचेच्या रुंदीला आणि जाडीला अचूक बसायला हवं, सैल वाटलं तर दुसरं घ्या. स्क्रू हलत नसेल तर झिरपणाऱ्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडून एक दिवस थांबा. तरीही नाही हलला तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा, थंड होऊ द्या, पुन्हा तेल सोडा. आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडवा.

बोल्ट, मॅगझीन आणि दस्ता वेगळा करणं पुरेसं आहे. चापाची यंत्रणा आणि दुनळीचे घोडे-कमानी खोलू नका. दाबलेली कमान सुटली तर डोळ्याला इजा करते आणि तुटली तर बदली मिळणं कठीण. हे भाग न खोलता, जागेवरच स्वच्छ रॉकेलने धुवा, मऊ ब्रश फिरवा, पूर्ण सुकू द्या आणि सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब द्या.

नळी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बोल्ट रायफल नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करायची. गज अखंड, एका तुकड्याचा हवा. तोंडाकडून गज घालावाच लागणार असेल तर पितळी किंवा प्लास्टिकची टोपी लावून गज मध्यभागी ठेवा, कारण तोंडाची कड एका बाजूने झिजली की गोळी बाहेर पडताना तिरकी ढकलली जाते आणि नेम बिघडतो.

पहिली चिंधी कोरडी फिरवा. तांबूस निघाली तर गंज, काळी निघाली तर जुन्या दारूची काजळी. मग बोअर सॉल्व्हंटने (नळी आतून साफ करायच्या द्रावणाने) ओली चिंधी फिरवून दहा मिनिटं थांबा, त्याच कॅलिबरचा (नळीच्या आतल्या व्यासाच्या मापाचा) कांस्य ब्रश नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. ब्रश मध्येच उलटा ओढू नका, केस वाकतात आणि अडकतात.

यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात. १९५० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. म्हणजे नळीत एक क्षारच साचतो, जो हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि खालून पोलाद खात राहतो. तेल किंवा सॉल्व्हंटमध्ये हा क्षार विरघळत नाही, पाण्यात लगेच विरघळतो. काळ्या दारूच्या राखेचंही तसंच. म्हणून दस्ता काढलेल्या नळीत चेंबरकडून नरसाळं आणि रबरी नळीने साधारण एक लिटर उकळतं पाणी ओता. जाड हातमोजे घाला, नळी हाताला चटका देईल इतकी तापते. त्या उष्णतेनेच ती बरीचशी सुकते. पाठोपाठ दोन-तीन कोरड्या चिंध्या आणि लगेच तेलाची चिंधी.

आता तांबं. गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा थर रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आत पिळाने कोरलेल्या, खाचांत चिकटून बसतो आणि त्याखाली ओल अडकते. अमोनियायुक्त सॉल्व्हंट नायलॉनच्या ब्रशने लावा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, चिंधीने पुसा. निळी-हिरवी चिंधी म्हणजे तांबं निघतंय. इथे पितळी टोक किंवा कांस्य ब्रश वापरला तर त्यातलंच तांबं विरघळून चिंधी निळी होते आणि माणूस उगाच तासन्‌तास घासत बसतो. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे पुन्हा करा, मग तेल देऊन रायफल रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी चिंधीवर पुन्हा तांबूस डाग आला तर पाण्यापासून सुरुवात.

खड्डे पडलेली नळी गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका. घासपेस्ट फिरवल्याने खड्डे जात नाहीत, रायफलिंगच्या कडा मात्र जातात.

बाहेरचं पोलाद

ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम दिलेला निळा-काळा थर, हा स्वतःच लोखंडाचा एक ऑक्साइड आहे. त्यामुळे व्हिनेगर, फॉस्फरिक आम्ल किंवा बाजारातले गंज काढायचे द्रव लाल गंजाबरोबर ब्लूइंगही उतरवतात. नळी दहा मिनिटांत राखाडी होते. ही सगळी द्रव्यं दूर ठेवा.

पातळ तेलाचा भरपूर हात देऊन एक-दोन दिवस ठेवा. मग ०००० नंबरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूलने, तेल ठेवूनच, हलक्या हाताने घासा. आधी दस्त्याखाली झाकला जाणारा भाग घासून पाहा. लाल-नारिंगी चिखल निघाला तर बरोबर चाललंय, काळा निघू लागला तर ब्लूइंग निघतंय, थांबा. जाड खपल्यांसाठी पितळेची पट्टी वापरा, ती पोलादाहून मऊ असते. गुळगुळीत, न वाढणारा तपकिरी रंग तसाच राहू द्या, तो रायफलीच्या वयाचा रंग आहे आणि जाणकार तोच शोधतात.

लाल गंज फार पसरला असेल तर त्यालाच काळा करता येतो. सुटा भाग ॲसिटोनने पूर्ण तेलमुक्त करा आणि डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटं उकळा. लाल गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार डाग पाडतात. उकळल्यावर तेल काढलेल्या ०००० स्टील वूलने वरची सुटी काजळी झाडा, गरज पडली तर पुन्हा उकळा, आणि भाग कोमट असतानाच तेल द्या. हे एकनळी रायफलीच्या साध्या पोलादी भागांसाठी. दुनळीच्या दोन नळ्या डाख देऊन जोडलेल्या असतात. मधल्या पट्टीखाली पाणी शिरलं तर बाहेर निघत नाही, म्हणून ती उकळू नका. तिला गरम कॉस्टिक ब्लूइंग तर कधीच करून घेऊ नका : त्यातला क्षार डाख खातो आणि काही काळाने नळ्या सुट्या होतात. कारागीर ‘सगळं नव्यासारखं करून देतो’ म्हणाला तर तो कोणत्या पद्धतीने ब्लूइंग करतो ते आधी विचारा.

ढगाळ रंगछटा असलेलं केस-हार्डन (फक्त वरचा थर कठीण केलेलं) पोलाद फक्त तेलाच्या मऊ कापडाने पुसा. ते रंग अगदी वरच्या पातळ थरातच असतात, स्टील वूलने निघून जातात.

दस्ता

बहुतेक जुने दस्ते अक्रोडाचे आणि तेल पाजलेले असतात. पॉलिश पेपर लावला की कडा गोल होतात, जाळीदार कोरीव काम बोथट होतं. त्याऐवजी टर्पेंटाइनने किंचित ओलं केलेलं कापड फिरवून मळ काढा, कोरीव भागात दात घासायचा मऊ ब्रश वापरा. शिंगाची टोकं किंवा हस्तिदंती मणी असतील तर तिथे द्रावण आणि उष्णता दोन्ही नकोत.

पोचे वाफेने वर येतात. ओल्या सुती फडक्याची घडी पोच्यावर ठेवून गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवा, वाफ निघू द्या, पुन्हा करा. दबलेले तंतू फुगतात. तुटलेले तंतू मात्र फुगत नाहीत, म्हणून खोल चिरेला हा उपाय नाही.

दस्त्याचा पुढचा, धातूला टेकणारा भाग काळा आणि मऊ पडलेला दिसला तर तिथे वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल मुरलं आहे. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून जाड लेप द्या, सुकला की झाडा. लेप पिवळट-तपकिरी येत राहील तोवर पुन्हा लावा. घाई करू नका, पाच-सहा लेप सहज लागतात.

शेवटी बॉइल्ड जवसाचं तेल. तळहातावर काही थेंब, हात गरम होईपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसून टाका, एक दिवस सुकू द्या. असे तीन-चार पातळ हात. एकदम जाड हात दिला तर तो महिनाभर चिकट राहतो. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. ते पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून सुकवा.

ठेवणं आणि चालवणं

कातडी पेटीत किंवा कव्हरमध्ये रायफल कायमची ठेवू नका, कातडं ओलावा आणि कमावणीतली आम्लं धरून ठेवतं. हातमोजे घालून हाताळा, बाहेरच्या पोलादाला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, तोंड खाली करून ठेवा म्हणजे तेल दस्त्यात उतरणार नाही. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखा. पहिला महिनाभर आठवड्याला एकदा पाहा. गंज आधी दस्त्याच्या काठालगत आणि स्क्रूच्या खाचांत दिसतो.

चालवायचा विचार असेल तर आधी कुशल कारागिराकडून हेडस्पेस गेजने (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस अडतं ती जागा यांतलं अंतर तपासणाऱ्या मापाने) तपासून घ्या. नळीतून उजेडाकडे पाहताना काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे, ती चालवायची नाही. नळीवरच्या शिक्क्यावरही आंधळा विश्वास नको. ७.९२×५७ च्या जुन्या जर्मन शिकारी रायफलींत दोन मापं आहेत : आधीच्या नळ्यांना .३१८ इंचाची गोळी, नंतरच्यांना .३२३ इंचाची. अरुंद नळीत जाड गोळी गेली तर दाब धोकादायक वाढतो, म्हणून नळीचं माप काढून घ्या. काळ्या दारूसाठी बनलेल्या आणि डमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेल्या) नळीच्या बंदुकीत आधुनिक काडतूस घालू नका. रायफलीबरोबर आलेली जुनी काडतुसं झाडू नका, खोलू नका, कचऱ्यात टाकू नका. पोलिसांना कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे जमा करा.