तबला शिकताय? मग या चुका टाळा

क्लास लावून महिना होत नाही तोच प्रश्न येतो, "सर, रियाझाचा मूडच लागत नाही, काय करू?" मूडची वाट बघत बसणं हीच पहिली चूक. तबल्यात हात बसला की गोडी लागते, उलटं होत नाही. 'तिट' या बोलातला 'ति' मधल्या बोटाने आणि 'ट' तर्जनीने, दोन्ही शाईवर (तबल्यावरच्या काळ्या गोलावर) सारख्या वजनाने वाजायला लागले, की पोरगं घरी जायला तयार नसतं. त्याआधी मोठमोठ्या मैफलींचे व्हिडिओ दाखवा, जोश दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही.

माझं डोकं फिरवणारी चूक मात्र एकच: लय वाढवायची घाई. एका सोसायटीच्या गणपतीत आमचा एक विद्यार्थी भजनाच्या साथीला बसला. तिरकिट (जलद वाजवायचे बोल) सुसाट, रीलवरून उचललेलं. अभंग सुरू झाला. भजनी ठेका, मात्रा आठच. दोन आवर्तनं, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्या, सरळ वाजवली आणि गडी सुटला. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेऊन ऐटीत थांबला, तो समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दीड मात्रा आधी! बुवा ओळ उचलायची सोडून त्याच्याकडे बघतच राहिले. टाळवाल्या काकांनी टाळ सोडला नाही म्हणून अभंग पार पडला.

मग मी त्याचं तिरकिट बंद केलं. 'धाधा तिट धाधा तूना' हा सोळा मात्रांच्या तीनतालातला दिल्ली घराण्याचा कायदा (विस्तार करत वाजवायची रचना) दिला, लेहऱ्याचं (ताल मोजायला सतत वाजणाऱ्या धुनेचं) अ‍ॅप मिनिटाला ६० मात्रांच्या लयीला लावलं, एका मात्रेला एक अक्षर. दुगुनीचं, म्हणजे दुप्पट लयीचं, नाव काढायचं नाही. बरेच आठवडे त्याचं तोंड वाकडं होतं. पुढे नवव्या मात्रेला 'ताता' आला की डाव्या हाताचा डग्गा आपोआप गप्प व्हायला लागला, आणि एक दिवस तोच म्हणाला, "सर, अजून एक पलटा द्या ना." (पलटा म्हणजे कायद्याच्याच बोलांची उलटापालट.) मूड वगैरे प्रकरण तिथेच मिटलं.

माझी पद्धत सोपी आहे. तीनतालाच्या १, ५, १३ या मात्रांना टाळी, ९ ला काल (टाळी न देता रिकामा हात) दाखवत पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे. ज्या लयीत जीभ अडखळत नाही, त्याच लयीत तबल्याला हात लावायचा. पढंत टाळणाऱ्यांचं माझ्याकडे फार काळ जमत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

रविवारी तीन तास बडवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेवरून उचलू नका. तबला उतरलेला असेल तर आधी सुरात लावा. बेसूर तबल्यावर कुणाचंच मन रमत नाही. पहिल्याच महिन्यात महागडा सेट घेऊ नका. प्रारंभिक ही पहिली परीक्षा झाली नाही तोवर विशारदची चौकशी करू नका, मध्ये दोन प्रवेशिका आणि दोन मध्यमा आहेत.

आणि पालकांनो, पाहुणे आले की "जरा वाजवून दाखव" म्हणू नका. निदान पहिलं वर्षभर तरी.