‘मस्त लिहिलंय, सर!’च्या पुढे: ओळखीच्या माणसाच्या ब्लॉगवर अभिप्राय कसा द्यावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ब्लॉग लिहिणारं माणूस बहुतेक वेळा आपल्या नात्यातलं, गावातलं नाहीतर शाळेतलं निघतं. निवृत्त झालेले सर, लळिंगपासून तोरणमाळपर्यंत भटकणारा भाचा, भरीत आणि खापरावरच्या पुरणपोळीच्या कृती लिहून ठेवणाऱ्या मावशी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते, सोबत एक ओळ असते, ‘जरा वाचून सांग’. आपण दोन अंगठे आणि जोडलेले हात पाठवून मोकळे होतो. लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

नीट अभिप्राय द्यायला साहित्याचे प्राध्यापक किंवा डिझायनर असण्याची गरज नाही. वाचताना तुम्ही कुठे रमलात, कुठे अडखळलात आणि कुठे सोडून दिलंत, एवढं खरं सांगता आलं की बहुतेक काम झालं. लेख चांगला की वाईट हा निकाल कोणी मागितलेला नसतो.

वाचण्याआधी विचारून घ्या

लिंक उघडण्याआधी एक फोन करा. हे कोणासाठी लिहिताय? काय काय बघू, मजकूर, मांडणी की दोन्ही? आणि बदल करायची तयारी आहे का? शेवटचा प्रश्न जरा आगाऊ वाटेल, पण तोच कामाचा. काहींना फक्त कोणीतरी वाचावं एवढंच हवं असतं आणि त्यात वावगं काही नाही. अशा माणसाला चुकांची यादी पाठवणं म्हणजे विनाकारण दुखावणं.

‘कोणासाठी’ याचं उत्तर वहीत लिहून ठेवा. नातवंडांसाठी आठवणी लिहिणाऱ्या आजोबांना ‘वाचक वाढवा’ असं सुचवून उपयोग नाही. पुण्या-मुंबईत गेलेल्या खानदेशी पोरांसाठी लिहिणाऱ्याला कानबाई म्हणजे काय हे समजावत बसायची गरज नाही. पण महाराष्ट्रभरच्या वाचकासाठी लिहीत असेल, तर खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई ही देवी बसते, एवढं तरी त्याने सांगायला हवं. एकाच लेखावरचा अभिप्राय या एका उत्तरावरून पार बदलतो.

आधी फोनवर वाचा

ब्लॉग लिहिणारा तो लॅपटॉपवर बघतो आणि वाचणारा एसटीत बसून फोनवर. म्हणून पहिलं वाचन फोनवर, वायफाय बंद करून, शक्य असेल तर बाहेरच्या उजेडात करा. पान उघडायला किती वेळ लागतो ते बघा. पहिल्या पडद्यावर काय दिसतं तेही बघा. निम्म्या ब्लॉगांवर तिथे मोठा फोटो, सुविचार आणि भेट देणाऱ्यांचा आकडा असतो. लेख सापडायला बोटाने तीन-चारदा वर सरकवावं लागत असेल तर ती पहिली नोंद.

सगळा ब्लॉग वाचू नका. सर्वांत नवा लेख, सर्वांत जुना लेख आणि लिहिणाऱ्याला स्वतःला सर्वांत आवडलेला लेख, एवढे तीन पुरेत. पहिल्या दोघांवरून हात किती बसला आहे ते कळतं. तिसऱ्यावरून त्याला नेमकं काय लिहायचं आहे ते कळतं आणि तेच बाकीच्या लेखांत कितपत उतरलं आहे, हा तुमच्या अभिप्रायाचा कणा.

वाचताना एकच काम करा. लक्ष सुटलं की त्या ओळीची खूण करा. कारण लगेच शोधू नका, नुसती खूण. लेख संपल्यावर मागे या आणि तिथे काय होतं ते बघा. फार वेळा तिथे ‘आजच्या धावपळीच्या युगात’ किंवा ‘आपली संस्कृती महान आहे’ अशी, कोणाच्याही लेखात बसेल अशी वाक्यं सापडतात.

मजकूर: इथे वेळ घाला

मांडणीवर बोलणं सोपं असतं, कारण रंग बदला म्हटल्याने कोणी दुखावत नाही. म्हणून अभिप्राय देणारे मजकुराला हात न लावता फॉन्टवर घसरतात. माझं मत उलट आहे. फॉन्ट तासाभरात बदलता येतो. लेखाची सुरुवात चुकली आहे हे मात्र लिहिणाऱ्याला एकट्याला दिसत नाही, ते दुसऱ्या माणसानेच दाखवावं लागतं.

पहिला प्रश्न असा: या लेखात दुसरं कोणीच लिहू शकलं नसतं असं काय आहे? समजा, कानबाईवर लेख आहे. पहिले तीन परिच्छेद परंपरेच्या थोरवीचे. चौथ्यात एकदम आजी येते, रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू ती कसे मोजून घ्यायची ते येतं, भाऊबंदकीत कोणी कोणाकडे जेवायला जायचं यावरून झालेली कुरबुर येते. लेख खरं तर तिथे सुरू होतो. वरचे तीन परिच्छेद लिहिताना माणूस हात मोकळा करत होता. ते काढून टाकावेत असं वाटलं तर तसं सांगा, पण कोणता परिच्छेद पहिला व्हावा हेही सांगा.

पाककृतींचंही तसंच. ‘वांगी भाजून घ्या’ हे वाक्य कुठल्याही गावात लिहिलं जातं. वांगी गॅसवर भाजली की कपाशीच्या काड्यांच्या जाळावर, हिरव्या मिरच्या कोणत्या, सोबत कळण्याची पुरी होती की भाकरी, हे वाचायला लोक त्या ब्लॉगवर येणार. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा कृतीत नुसतंच ‘मोठं वांगं’ असेल तर कुठलं वांगं, हे जरूर विचारा.

दुसरा प्रश्न माहितीचा. गावाभिमानाच्या भरात वाक्यं जरा पुढे धावतात. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, पण त्यांचा जन्म कोकणातल्या पालगडचा. ‘अमळनेरचे सुपुत्र’ असं दिसलं की समासात खूण हवी. चाळीसगावजवळच्या पाटणवर लिहिताना भास्कराचार्य तिथेच जन्मले, असं ठामपणे लिहिलेलं सापडतं. भास्कराचार्यांनी स्वतः शके १०३६ हा जन्मशक दिला आहे आणि गावाचं नाव विज्जडविड असं सांगितलं आहे. हे विज्जडविड नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाटणच्या शिलालेखात आहे ते वेगळंच: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढल्याची नोंद. ती गोष्ट काही कमी थोर नाही. अशा ठिकाणी ‘चुकलंय’ असं न लिहिता ‘हे कुठून घेतलं?’ असं विचारा. लिहिणाऱ्याकडे आधार असेल तर तो लेखात येईल, नसेल तर वाक्य आपोआप मवाळ होईल.

फोटो कोणाचे आहेत हेही विचारा. फॉरवर्ड होऊन आलेला तोरणमाळचा सुंदर फोटो कोणाचा तरी असतोच. शेजारपाजारच्या भांडणात खरी नावं आली असतील, लहान मुलांचे फोटो शाळेच्या नावासकट असतील, पत्रिकेवरचा फोन नंबर तसाच दिसत असेल, तर तेवढ्या गोष्टी अभिप्रायाची वाट न बघता फोनवरच सांगून टाका.

बोलीला लाल पेन लावू नका

खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘मन्हा गाव’ (माझं गाव) असं लिहिलेलं दिसलं की शिक्षकी हात शिवशिवतो. थांबा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२ मधले १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४) प्रमाण मराठीसाठी आहेत, अहिराणीसाठी नाहीत. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी उतरवून ठेवल्या आणि १९५२ साली त्या छापून आल्या, त्या त्यांच्या बोलण्यासह. कोणी त्यांत प्रमाण मराठीचा ‘ळ’ घालून सुधारल्या असत्या तर काय उरलं असतं, कल्पना करा. आणि धुळ्याकडची अहिराणी आणि यावल-रावेरकडची लेवा बोली यांतली एक खरी आणि दुसरी बिघडलेली, असं समजून तर अजिबात तपासू नका.

बोलीत तपासायचं ते एवढंच: एकच शब्द दोन लेखांत दोन तऱ्हांनी लिहिलाय का, आणि बाहेरच्या वाचकाला संदर्भाने अर्थ लागतो का. प्रमाण मराठीतल्या लेखात मात्र ऱ्हस्व-दीर्घ जरूर बघा. प्रत्येक चूक स्वतंत्र सांगू नका, वारंवार होणाऱ्या दोन-तीन सवयी सांगा.

मांडणी: देवनागरीची स्वतःची दुखणी

वेबसाइटच्या मांडणीवर मिळणारा बहुतेक सल्ला रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याला बघायच्या गोष्टी थोड्या वेगळ्या.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीतच दिसेल अशा रीतीने, आहे का, ते सर्वांत आधी. जुन्या डीटीपीच्या (छपाईसाठीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर थेट चिकटवला तर वाचकाला रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो आणि गुगललाही तो लेख सापडत नाही. काही जण यावर उपाय म्हणून अख्खा लेख चित्र करून टाकतात. ते तर त्याहून वाईट, कारण फोनवर अक्षर मोठं करता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं आहेत, ती वापरायला सांगा. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास गडबड होते.

मग ओळींमधलं अंतर. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळी गच्च बसल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवलं की डोळ्यांना बरं पडतं. अक्षराचा आकार १८ पिक्सेलच्या खाली नको, वाचक साठीपुढचे असतील तर २० ठेवा. अक्षरांमध्ये मुद्दाम जागा सोडण्याची सोय काही टेम्प्लेटमध्ये असते, शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून लोक ती वापरतात. देवनागरीत त्याने शिरोरेषाच तुटते. तसंच, तिरपी अक्षरं ही आपल्या लिपीची रीत नाही. ब्राउझर अक्षर नुसतं ढकलून वाकडं करतो, त्यापेक्षा ठळक बरं. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भोकं पाडते. डावी कडा सरळ ठेवा, उजवी सोडून द्या.

रंगांबद्दल चव वेगवेगळी असते, त्यावर वाद घालू नका. पण वाचता येतं की नाही, हा चवीचा प्रश्न नाही. वेबच्या सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष असा की साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं. ते मोजून देणारी मोफत साधनं आहेत. पिवळ्यावर पांढरा, या आवडत्या जोडीत दोष निघतोच.

काही गोष्टी झटपट बघून घ्या. फोटो कॅमेऱ्यातून आले तसे चार-पाच एमबीचे असतील तर ते २०० ते ३०० केबीपर्यंत आणायला सांगा. आपोआप वाजणारं संगीत असेल तर बंद करायला सांगा, इथे सौम्य शब्द शोधत बसू नका. उजवं क्लिक बंद करून ठेवलं असेल तर समजवा की चोरणारा स्क्रीनशॉट काढतोच, अडतो तो प्रामाणिक वाचक. लेबलं तपासा: ‘अहिराणी’, ‘अहिरानी’ आणि ‘आहिराणी’ अशी तीन असतील तर एकाच विषयाचे लेख तीन ठिकाणी विखुरले जातात. ‘माझ्याविषयी’ पान आहे का आणि त्यावर निदान गाव आणि विषय लिहिलाय का, तेही बघा.

ब्लॉगरवर आणखी एक गंमत होते. शीर्षक देवनागरीत दिलं की लेखाच्या पत्त्यात ते उतरत नाही, तिथे नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा येतो. लेख प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) जागी रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाकायचे. जुन्या लेखांचे पत्ते मात्र बदलायला सांगू नका, आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका तुटतील.

अभिप्राय लिहिताना

वहीत वीस नोंदी झाल्या असतील. त्यातल्या तीन पाठवा, फार तर पाच. बाकीच्या पुढच्या वेळी. आवडलेलं आधी लिहा, पण नेमकं लिहा. ‘छान’ म्हणजे काहीच नाही, ‘रोटाच्या गव्हाचा परिच्छेद’ म्हणजे काहीतरी. अभिप्राय ग्रुपवर टाकू नका, खासगीत पाठवा. लिहिणारे वयाने मोठे असतील तर मजकुरावरचं प्रत्यक्ष भेटीत सांगितलेलं जास्त चांगलं, आणि तेव्हा ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ यापेक्षा ‘मला इथे असं झालं’ हे सोयीचं पडतं. नमुना असा:

‘सर, नमस्कार. कानबाईवरचा लेख दोनदा वाचला. रोटाच्या गव्हाचा परिच्छेद फार आवडला, हे मी आधी कुठे वाचलं नव्हतं. सुरुवातीच्या तीन परिच्छेदांत मात्र माझं लक्ष सुटलं. लेख थेट आजीपासून सुरू केला तर? दुसरं, विसर्जनाची मिरवणूक कुठल्या गावची ते लेखात आलेलं नाही. तिसरं, फोनवर अक्षर बारीक दिसतं. ते मोठं करायला दहा मिनिटं लागतील, रविवारी येऊन करून देतो.’

शेवटचं वाक्य विसरू नका. तांत्रिक सूचना करायची तर ते काम करून द्यायची तयारी ठेवा. ‘थीममध्ये जाऊन ओळींचं अंतर वाढवा’ असं पासष्टीच्या माणसाला लिहून पाठवलं तर ते कधीच होत नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं मान्य होणार नाही. सुरुवातीचे परिच्छेद सरांना प्रिय असतील तर ते ठेवतील, ब्लॉग त्यांचा आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा उगाळू नका. पार्श्वभूमीला केळीच्या बागेचा फोटो हवाच असा हट्ट असेल, तर तोही राहू द्या. फक्त मजकुराच्या मागे पांढरा पट्टा टाकून द्या, म्हणजे बागही दिसेल आणि अक्षरंही वाचता येतील.